अहवालात 'डिमायलिनेटिंग' लिहिलंय: चेतापेशीची रचना आणि प्रकार कोणी नीट समजावून सांगेल का?

मुठेकाठची

नमस्कार मंडळी,

आम्ही धायरीला राहतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसची (गुलेन बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली, त्यात माझा धाकटा भाऊ सापडला. आधी चार दिवस पोट बिघडलं होतं. ते बरं झालं, आम्ही विसरूनही गेलो. दहाएक दिवसांनी सकाळी उठला तर चप्पल पायात राहीना. संध्याकाळी जिना चढवेना. दुसऱ्या दिवशी हातातून कप निसटला. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन दिलं, एकवीस दिवस रुग्णालयात काढले. व्हेंटिलेटर लागला नाही ही देवाची कृपा. आता तो चालतो, पण उजवं पाऊल अजून पुरतं उचललं जात नाही.

त्याच्या नसांच्या तपासणीच्या अहवालात 'डिमायलिनेटिंग' असं लिहिलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या अहवालात 'ॲक्झोनल'. तेव्हा विचारायचं धैर्य झालं नाही आणि सांगायला कोणाला वेळही नव्हता.

आता माझी मुलगी नववीत आहे. परवा विज्ञानाच्या वहीत चेतापेशीची आकृती काढत होती. तिने विचारलं, "आई, मामाचं यातलं नेमकं काय बिघडलं होतं?" मला आकृतीवर बोट ठेवता आलं नाही. फार लागलं मनाला. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आम्हाला समजून घ्यायचं आहे.

जीवशास्त्र_मास्तर

ताई, भाऊ चालायला लागला हे वाचून बरं वाटलं. मी तीस वर्षं पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. मुलीला शेजारी बसवून वाचा, तिची वही उघडी ठेवा.

आकृतीत जो फुगीर भाग आहे तो पेशीकाय. त्यात केंद्रक आणि पेशीचा सगळा कारखाना. मेथिलीन ब्लूसारखा रंग दिला की त्यात निळे ठिपके उठतात, त्यांना निस्लचे कण म्हणतात. प्रथिनं तिथे तयार होतात. पेशीकायातून झाडाच्या फांद्यांसारख्या निघतात त्या वृक्षिका, त्या संदेश घेतात. आणि एकच लांब शेपूट निघते तो अक्षतंतू, तो संदेश पुढे नेतो. अक्षतंतू जिथून सुरू होतो तिथे एक छोटा उंचवटा असतो. शेकडो-हजारो ठिकाणांहून आलेल्या 'हो' आणि 'नाही'ची बेरीज तिथे होते. बेरीज ठरावीक पातळीच्या वर गेली की संदेश सुटतो, नाहीतर सुटत नाही. अर्धामुर्धा संदेश नसतो.

पुस्तकातल्या आकृतीत एक गोष्ट हमखास हरवते, ती म्हणजे प्रमाण. पाऊल उचलणाऱ्या स्नायूची चेतापेशी घ्या. तिचा पेशीकाय पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या खालच्या भागात असतो आणि तो मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. अक्षतंतू मात्र तिथून निघून थेट पायापर्यंत, सुमारे एक मीटर. आता पेशीकाय लिंबाएवढा मोठा करून बघा. वृक्षिका हातभर पसरतील, आणि अक्षतंतू करंगळीहून बारीक दोरीसारखा आठशे मीटर जाईल. लिंबू मंडईत ठेवलं तर दोरीचं टोक शनिवारवाड्यापाशी. ही एक पेशी आहे!

आणि निस्लचे कण अक्षतंतूत नसतात. म्हणजे शनिवारवाड्यापाशी जे काही लागणार ते जवळपास सगळं मंडईतून वाहून न्यायचं. पेशीच्या आत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात, त्यांवरून कायनेसिन नावाचं प्रथिन ओझं ओढत पुढे नेतं आणि डायनीन परत आणतं. जलद वाहतूक दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर. कण्यातून निघालेला माल पायाला पोचायला तीन-चार दिवस लागतात. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर करायचो आणि वर्ग शांत व्हायचा.

मायलिनबद्दल, म्हणजे अक्षतंतूवरच्या आवरणाबद्दल, रात्री लिहितो, डोळे थकतात.

चालकवेग

सर, मायलिनचं मी लिहू का? मी गेली चौदा वर्षं नसांच्या वेगाची तपासणी करते, एनसीव्ही म्हणतात ती. त्या जानेवारीत आमच्याकडे रोज रांग होती.

ताई, तुमच्या भावाची तपासणी अशी झाली असेल बघा. पावलाच्या वरच्या बाजूला, बाहेरच्या घोट्याच्या थोडं पुढे बोटं उचलणारा एक छोटा स्नायू असतो. त्यावर पट्टी चिकटवतो. मग आधी घोट्यापाशी आणि नंतर गुडघ्याच्या बाहेरच्या हाडामागे छोटा झटका देतो. पडद्यावर स्नायूची लाट उमटते. समजा घोट्यापासून लाट यायला ४ मिलिसेकंद लागले आणि गुडघ्यापासून ११. फरक ७. टेपने मोजलेलं अंतर ३२० मिलिमीटर. भागलं की सेकंदाला साधारण ४६ मीटर. पायात ४०च्या वर असेल तर ठीक. पाऊल गार असेल तर वेग उगीच कमी दिसतो, म्हणून थंडीत आम्ही आधी पाय शेकून घेतो. घाई करून चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. आम्ही लाटेचं दोन अंगांनी वाचन करतो: ती किती उशिरा आली आणि किती उंच आली. वेग मायलिनवर ठरतो. उंची किती अक्षतंतू शाबूत आहेत त्यावर. लाट फार उशिरा येते, तुकड्या-तुकड्यांत पसरते, किंवा मधेच अडते, तेव्हा आम्ही 'डिमायलिनेटिंग' लिहितो: वरचं वेष्टन गेलं, आतली तार आहे. वेळेवर येते पण अगदी बुटकी येते, तेव्हा 'ॲक्झोनल': तारच कामातून गेली. तुमच्या मुलीला सांगा, मामाचं काय बिघडलं ते दाखवायला बोट अक्षतंतूभोवतीच्या त्या मण्यांसारख्या आवरणावर ठेव.

अंजीरवाला_पुरंदर

राम राम. मी सासवडकडचा. शास्त्र शिकलेलो नाही, पण हे वाचून थांबलो कारण वडिलांना साखरेचा आजार आहे आणि त्यांचे पाय बधिर झालेत.

एक विचारतो. मायलिन म्हणजे वायरीवरचं रबर म्हणावं का? रबर निघालं की करंट लागतो, इथं तर उलटं, करंटच जात नाही. ते कसं?

मज्जा_आणि_मुठा

दादा, प्रश्न अगदी नेमका आहे. मी चेताशास्त्रात पीएचडी करतोय. वायरीची उपमा इथेच तोकडी पडते, कारण अक्षतंतूतून वीज वायरीसारखी वाहत नाही. पेशीच्या आत-बाहेर क्षारांचे आयन कमी-जास्त असतात, त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. संदेश येतो तेव्हा पेशीच्या पटलातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, क्षणभर आतली बाजू धन होते. सारा खेळ मिलिसेकंदभराचा. मग शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची.

तुमच्याच भागातलं उदाहरण देतो. पुरंदर उपसा योजनेत पाणी एका पंपाने वर जात नाही, टप्प्याटप्प्यावर पंप आहेत. दोन पंपांमधली पाइपलाइन धड असेल तरच पुढच्या पंपापर्यंत दाब टिकतो. अक्षतंतूवर मायलिन हे त्या मधल्या पाइपच्या जाड भिंतीसारखं, गळती रोखणारं. आणि साधारण मिलिमीटरभर अंतरावर मायलिनमध्ये छोटी फट असते, तिला रॅनव्हिएची गाठ म्हणतात. सोडियमची दारं तिथे दाटीने असतात, तो पंप. संदेश गाठीवरून गाठीवर उडी मारत जातो. मायलिन गेलं की मधेच गळती होते, पुढच्या गाठीपर्यंत दाब पोचत नाही. ताईंच्या भावाचा पाय असाच थांबला होता. कण्यातली पेशी जिवंत होती, स्नायू जिवंत होता, मधे दाब पडला होता.

हे मायलिनचं आवरण चेतापेशीचं स्वतःचं नसतं. हातापायांच्या नसांत श्वान पेशी अक्षतंतूभोवती स्वतःला गुंडाळून घेतात, एका पेशीचा एक मणी. मेंदूत आणि मज्जारज्जूत हेच काम ऑलिगोडेंड्रोसाइट करतात, आणि त्यांची एक पेशी अनेक अक्षतंतूंना एकाच वेळी मणी पुरवते. जीबीएसमध्ये मार बसतो तो हातापायांच्या नसांना आणि कण्याजवळच्या त्यांच्या मुळांना. श्वान पेशी पुन्हा वाढतात, पुन्हा वेढे घालतात. म्हणून बहुतेक लोक उठून चालू लागतात.

जीवशास्त्र_मास्तर

उत्तम लिहिलंत दोघांनी. अंजीरवाले, तुमच्या वडिलांच्या पायांकडे येतो, पण त्याआधी प्रकार सांगायला हवेत, कारण बधिरपणाची पेशी वेगळी.

पुस्तकात कामावरून तीन प्रकार दिलेले असतात: संवेदी, प्रेरक आणि सहयोगी. मुलं पाठ करतात आणि तिन्हींसाठी एकच आकृती काढतात. ती आकृती प्रेरक पेशीची असते, बहुध्रुवी, म्हणजे पेशीकायातून अनेक फांद्या निघालेली. संवेदी पेशी तशी दिसतच नाही. तिचा पेशीकाय मज्जारज्जूच्या बाहेर, कण्याच्या शेजारच्या गंडिकेत (पेशीकायांच्या गाठीत) बसलेला असतो, आणि रस्त्याच्या कडेला घर असावं तसा एका छोट्या देठाने मुख्य तंतूला जोडलेला. देठापासून तंतूला दोन वाटा फुटतात, एक पायाच्या अंगठ्याकडे, दुसरी मज्जारज्जूत शिरून वर. स्पर्श आणि सांध्यांची जाणीव नेणाऱ्या पेशीत ही वरची शाखा मानेजवळ, मेंदूच्या तळाशी पोचेपर्यंत थांबत नाही. उंच माणसात अंगठ्यापासून तिथपर्यंत दीड मीटरहून लांब, आणि पेशी एकच. गर्भात ही पेशी द्विध्रुवी असते, दोन टोकांना दोन तंतू. वाढताना ते मुळाशी जुळून एक होतात. म्हणून तिला छद्म-एकध्रुवी म्हणतात. हे नाव मुलांना रुक्ष वाटतं, पण त्यात तिची सगळी जन्मकथा आहे.

खरी द्विध्रुवी पेशी मोठ्या माणसात डोळ्याच्या पडद्यात आणि नाकाच्या छतात सापडते. खरी एकध्रुवी मुख्यतः कीटकांसारख्या प्राण्यांत. आणि डोळ्याच्या पडद्यातल्या अमॅक्राइन पेशींना तर बहुधा अक्षतंतूच नसतो, वृक्षिकांनीच देणंघेणं चालतं.

आता दुखण्याचं. विळा लागला की आधी टोचल्यासारखी तीव्र कळ येते, आणि क्षणभराने मागून जळजळ. दोन्ही वेगवेगळ्या पेशींच्या आहेत. पहिल्या कळेचे तंतू बारीक पण मायलिन असलेले, सेकंदाला ५ ते ३० मीटर. जळजळीचे तंतू त्याहून बारीक आणि मायलिन नसलेले, सेकंदाला मीटरभर. पायापासून मज्जारज्जूपर्यंत अंतरही मीटरभर, म्हणून तो सेकंदभराचा उशीर. स्नायूला आज्ञा नेणारे जाड मायलिनचे तंतू या दोन्हींहून जलद.

साखरेच्या आजारात सर्वांत लांब तंतू आधी सापडतात. मंडई आणि शनिवारवाडा आठवा: वाहतूक बिघडली तर तंगी आधी टोकाला. म्हणून आधी बोटं, मग पावलं, मग मोजा घालतो तितका भाग, आणि तो गुडघ्यापर्यंत चढला की हातांची बोटं. वडिलांना अनवाणी शेतात जाऊ देऊ नका. रोज रात्री तळवे उजेडात बघा. त्यांना काटा कळणार नाही, तुम्हाला दिसेल.

अंजीरवाला_पुरंदर

सर, गेल्या महिन्यात त्यांच्या पायातली चप्पल वाटेत निघाली आणि घरी येईपर्यंत त्यांना कळलंच नाही. आम्ही वयावर ढकललं. आजपासून तळवे मी स्वतः बघतो. कोणी असं उलगडून सांगितलं नव्हतं.

फोडणी_कसबा

मधेच विचारते. २०२१ मध्ये कोविडने माझा वास गेला, चार महिन्यांनी परत आला. मास्तरांनी नाकाच्या छतातल्या द्विध्रुवी पेशी लिहिल्यात, त्या मेल्या होत्या का? चेतापेशी मेली की परत येत नाही असं ऐकलंय.

मज्जा_आणि_मुठा

ताई, नाकातल्या पेशी त्या नियमाला अपवाद आहेत. त्यांची वृक्षिका थेट हवेच्या वाटेवर उघडी असते, रोज धूळ-धूर सोसते, आणि खालच्या मूळ पेशींपासून नव्या गंधपेशी आयुष्यभर तयार होत राहतात. कोविडमध्ये विषाणू मुख्यतः गंधपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत शिरतो असं अभ्यासांतून दिसलं. आधार ढासळला की गंधपेशीही काम सोडतात. आधार परत उभा राहिला की वास येतो. तुमचा आला, छान झालं.

आधाराच्या पेशींवरून एक दुरुस्ती, धाग्यावर अजून कोणी लिहिलं नाही पण हमखास लिहिलं जातं. मेंदूत चेतापेशींच्या दहापट चेताश्लेष्म पेशी असतात असं जुन्या पुस्तकांत असायचं.

जीवशास्त्र_मास्तर

मी तसंच शिकवलं, वर्षानुवर्षं.

मज्जा_आणि_मुठा

सर, तेव्हा सगळीकडे तसंच छापलेलं होतं. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल आणि सहकाऱ्यांनी मोजण्याची नवी पद्धत वापरली. मेंदूचा भाग विरघळवून पेशींची केंद्रकं सुटी करायची, ढवळून एकसारखी करायची आणि मोजायची. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी निघाल्या, आणि इतर पेशी जवळपास तेवढ्याच. त्यातही ६९०० कोटी अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या छोट्या मेंदूत. विचार-भाषेच्या मोठ्या मेंदूच्या सालीत १६०० कोटी.

अनुमस्तिष्कात गर्दी कशाची? कणपेशींची. अगदी चिमुकल्या, चार-पाच आखूड वृक्षिका, बस्स. आणि त्याच गल्लीत त्यांच्या शेजारी पुर्किन्ये पेशी, जी चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये पाहिली. वहीत ठेवून जाळी पडलेलं पिंपळपान आठवा. पुर्किन्ये पेशीच्या वृक्षिका तशाच एका प्रतलात, सपाट, शिरा-उपशिरांनी भरलेल्या पसरतात. कणपेशींचे तंतू या पानांना आडवे छेदत जातात. एका पानावर लाखभर जोडण्या. दोन्ही चेतापेशीच, पण एक चिमूटभर आणि एक आख्खं झाड. कणपेशी निरोप थोडा घेते, पुर्किन्ये लाखांचा ऐकून एक उत्तर देते. तोल सावरणं, हात नेमका कपापर्यंत नेणं, हे या जोडीवर चालतं.

'प्रकार किती' याचं उत्तर आता तीन-चारवर थांबत नाही. कुठल्या पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते एकेक पेशी वेगळी काढून वाचता येतं. २०२३ मध्ये अशा नकाशात माणसाच्या मेंदूत ३००० हून अधिक पेशीप्रकार वेगळे ओळखले गेले. मुलीने परीक्षेत तीनच लिहावेत, पण तिला हे सांगा.

जीवशास्त्र_मास्तर

आभारी आहे. ऐंशीच्या उंबरठ्यावर जुनी चूक दुरुस्त झाली.

एक मुद्दा जोडतो. या पेशी सुट्या आहेत हेच आधी माहीत नव्हतं. १८७३ मध्ये इटलीत कामिल्लो गॉल्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेटची काळी रंगक्रिया शोधली. तिची खुबी अशी की शंभरातल्या थोड्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या टोकापर्यंत रंगतात. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. गॉल्जी यांना त्यात एकसलग जाळं दिसलं. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८७ मध्ये तीच पद्धत पाहिली, आणि त्यांना प्रत्येक पेशी वेगळी, टोकाशी थांबलेली दिसली. १८९१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायर यांनी 'न्यूरॉन' हे नाव दिलं. १९०६ चं नोबेल गॉल्जी आणि काहाल दोघांना मिळून, आणि गॉल्जी यांनी त्या व्यासपीठावरच काहालांच्या मताविरुद्ध भाषण केलं. दोन पेशींमधली फट १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. ती रसायनानं ओलांडली जाते. स्नायूपाशी ते रसायन ॲसिटिलकोलीन.

मुठेकाठची

मी तीनदा वाचलं. मुलीने आकृतीत मायलिन लाल केलं आणि खाली 'मामा' लिहिलं.

दोन प्रश्न उरले. पोटाचा जंतू आणि पायाची नस, संबंध काय? आणि मायलिन परत येतं तर उजवं पाऊल अजून का अडलंय?

मज्जा_आणि_मुठा

त्या साथीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. त्याच्या बाहेरच्या आवरणावरची साखरेची साखळी आपल्या नसांच्या आवरणावरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारखी दिसते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती नसेवरही जाऊन बसतात. तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून पोट बरं झाल्यावर पाय गेले. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या बाबतीत हल्ला थेट अक्षतंतूवर, बहुतेक रॅनव्हिएच्या गाठीपाशी झाला असेल. 'ॲक्झोनल' म्हणजे कायमचंच असंही नसतं. कधी गाठ नुसती बंद पडते, तंतू तुटत नाही, आणि माणूस लवकर सावरतो.

चालकवेग

दुसऱ्याचं उत्तर तुमच्या डॉक्टरांनी ताजा अहवाल बघून द्यायला हवं. मी दिसतं ते सांगते. आवरण जोरात सोलवटलं तर कधी कधी आतला तंतूही मरतो. असे तंतू वरून परत वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. गुडघ्याखालून पावलाच्या स्नायूपर्यंत तीनशे-साडेतीनशे मिलिमीटर धरा. म्हणजे वर्षभराचा हिशेब झाला. मार त्याहून वर बसला असेल तर आणखी. पुढच्या तपासणीत लाटेची उंची मागच्यापेक्षा वाढली का, एवढं विचारा.

फिजिओ_कर्वेनगर

आणि तोवर घोटा आखडू देऊ नका. टाच जमिनीला टेकलेली, पोटरीला ताण, रोज. पाऊल उचलून धरणारा पट्टा वापरत असेल तर लाज वाटू देऊ नका. तंतू पोचेल तेव्हा सांधा मोकळा असला पाहिजे, नाहीतर आज्ञा येऊनही पाऊल हलणार नाही. थकेपर्यंत व्यायाम नको, थोडा-थोडा, दिवसातून अनेकदा.

जीवशास्त्र_मास्तर

ताई, माझ्याकडे जुना सूक्ष्मदर्शक आहे. मुलीला आणि भावाला रविवारी घेऊन या, पत्ता खासगी निरोपात देतो. येताना मटणवाल्याकडून बोकडाच्या कमरेच्या मणक्यातला पांढरा दोर बोटभर मागून आणा. ताजा हवा.

मुठेकाठची

काल जाऊन आलो. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सरांनी दोर आडवा कापला. आत फुलपाखरासारखा करडा भाग होता. त्याच्या जाड पंखातून टाचणीच्या टोकाने कणभर गर काढून काचेवर ठेवला, दुसऱ्या काचेने दाबून पसरला, वाळवला, मेथिलीन ब्लूचे दोन थेंब टाकले, पाच मिनिटांनी धुतला. मुलगी बराच वेळ काच सरकवत होती. मग ओरडली. मी पाहिलं तर निळसर धुक्यात एक कोनाकोनाची मोठी पेशी, मधे फिकट गोल केंद्रक, भोवती निळे ठिपके, आणि चारी बाजूंना फाटत गेलेल्या फांद्या. वहीतल्यासारखी नव्हती. वहीतली फार नीटनेटकी असते.

भाऊ स्टूलवर बसून कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, याचा अक्षतंतू कुठाय?"

सर म्हणाले, "दाबताना तुटला. जिवंतपणी मागच्या पायापर्यंत गेला असेल."

त्याने पुन्हा डोळा लावला. खाली त्याचं उजवं पाऊल पट्ट्यात होतं, आणि तो बोटं हलवून बघत होता.